फ्रिजवरचा आठवडा

आर. के. पुरम, नवी दिल्ली
६ जुलै

प्रिय शैला,

सप्रेम जयभीम.

नागपूरला निघून गेल्यापासून तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. वाचायचं नसेल तर उल्काकडे दे. तुझी धाकटी बहीण पोटात काही ठेवत नाही, ती स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं वाचेल आणि तुला ऐकावंच लागेल.

आधी एक सांगून टाकतो. हे माफीचं पत्र नाही. त्या रविवारी लुंबिनीनं आठवड्याचा कागद फ्रिजवर लावला आणि तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "तुमचं काय म्हणणं आहे?" मी म्हणालो, "कागद बरोबर आहे." आजही माझं म्हणणं तेच आहे. सुनेला खूश करायला बोललो नव्हतो. सगळं आयुष्य सरकारी नोकरीत गेलं. कामाची वाटणी म्हणजे काय ते मला कळतं. एकाच टेबलावर सगळ्या फाइली साचल्या की तो माणूसही जातो आणि कामही अडतं.

आपल्या घरात ते टेबल तुझं होतं. उजवा खांदा धरला होता, कुकर तू डाव्या हातानं उचलायचीस. मला वाटलं, सवय असेल. संघपालला काहीच वाटलं नाही, तो पोरगा ताटाकडे बघून जेवतो. लुंबिनीच्या लक्षात आलं. तिनंच तुला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हाताला आराम द्या. घरी येऊन तू कणीक मळायला बसलीस.

आणि रोज संध्याकाळचा तो प्रकार आठव. तू लुंबिनीला ऑफिसात फोन लावायचीस, "भाजी काय करू?" ती मीटिंगमध्ये. मग संघपालला. तो गुरगावच्या जाममध्ये अडकलेला, म्हणायचा, "काहीही कर, आई." काहीही केलं की अबोली, नातच ती तुझी, नाक मुरडायची आणि तू तिच्यासाठी वेगळी कढई चढवायचीस. चार माणसं चार वेळा जेवायची. तू पाचवी, सगळ्यात शेवटी, उभ्यानंच.

आता ऐक. रविवारी सकाळी चहा घेऊन सगळे बसतात. पुढच्या आठवड्यात काय खायचं ते ठरतं आणि नंतर त्यावर कोणी कुरकुर करायची नाही. सोमवारी संघपाल कढी-भात करतो. मंगळवारी सेक्टरचा बाजार भरतो, म्हणून त्या दिवशी ताजी पालेभाजी, ती लुंबिनीची. बुधवारी कडधान्य. आदल्या दिवशी ते भिजत घालायचं काम अबोलीकडे आहे. ती इतकी कडक आहे की मोटाचं, म्हणजे मटकीचं, भांडं घेऊन माझ्या खोलीत दाखवायला येते. गुरुवार माझा आहे. हो, माझा. हसू नकोस. शनिवार तुझ्या नावानं आहे. त्या दिवशी सध्या बाहेरून मागवतो.

खांद्याला शेक देतेस ना?

तुझा,
सुखदेव


२७ जुलै

प्रिय शैला,

जयभीम.

तुझं उत्तर नाही, पण तू अबोलीचा फोन घेतेस आणि तिला सगळं विचारतेस हे मला कळलं आहे. गेल्या आठवड्यात ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही दालमध्ये हींग कब डालते हो, विचारते आजी." तिचं मराठी असंच राहिलं आहे, वरणाला दाल आणि फोडणीला तडका. पण प्रश्न तुझाच होता. तुला सांगतो, हिंग मी सगळ्यात शेवटी घालत होतो, वरून, मिठासारखा. आता कळलं, तेलात घालायचा. परवाच्या गुरुवारी घरभर वास सुटला. समोरच्या क्वार्टरमधले सुधाकरराव दार उघडं बघून आत आले आणि म्हणाले, "शैलावहिनी आल्या का?"

मी म्हणालो, "नाही, मी आहे."

शैला, आयुष्यात मला प्रमोशनं मिळाली, मेडलसुद्धा मिळालं एकदा, ते कपाटात पडून आहे. पण त्या संध्याकाळी छाती जशी फुगली तशी कधी फुगली नव्हती. सुधाकररावांना वाटीभर वरण दिलं. त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं.

पहिल्या गुरुवारचं पातेलं जरा काळं झालं, ते तुझं जाड बुडाचं नाही, दुसरं. अबोलीला सांगू नको म्हटलं होतं, म्हणजे तुला समजलं असणार. तेव्हा मला लुंबिनी म्हणाली होती, "बाबा, तुम्ही राहू द्या, मी करते." मी म्हटलं, "कागदावर माझं नाव आहे ना? मग करपलेलं पण माझंच." सगळ्यांनी ते खाल्लं. संघपालनं लोणचं जास्त घेतलं, बस.

पोळ्या अजून जमत नाहीत. नकाशे होतात. लुंबिनीनं तोड काढली: माझ्या दिवशी भात. आपली सून कशी अडचण सोडवते बघ. कोणाला कमीपणा नाही, आणि काम पण पुढे जातं. तिच्या ऑफिसातले लोक तिला का मानतात ते आता मला घरात बसून दिसतं. मी असिस्टंट म्हणून रिटायर झालो तेव्हा क्वार्टर सोडताना तू भिंतीला हात लावून रडली होतीस. आज आपण पुन्हा सरकारी क्वार्टरमध्ये राहतो, आणि दाराबाहेर पाटी तिच्या नावाची आहे. हे तुला सांगायची गरज नाही, ती पाटी तूच रोज पुसायचीस.

मग तिच्यावर इतका राग का? मला सांगशील?

सुखदेव


२४ ऑगस्ट

प्रिय शैला,

जयभीम.

संघपालला डेंग्यू झाला होता. आता बरा आहे, प्लेटलेट्स चढल्या, काल उठून बाल्कनीत बसला. तुला कळवू नका असं तोच म्हणाला होता, "आई दुखऱ्या खांद्यानं रात्रीची गाडी पकडेल." मलाही तेच वाटलं. रागावू नकोस. घाबरण्यासारखं असतं तर कळवलं असतं.

पण ते दिवस कसे गेले ते तुला सांगायलाच हवं. पार्लमेंटचं अधिवेशन चालू, लुंबिनीच्या खात्यावर प्रश्न लागलेले. उत्तरं तयार केल्याशिवाय त्यांना उठता येत नाही, तुला माहीत आहे. तिनं रजेचा अर्ज लिहिला होता. मी म्हटलं, "पोरी, तू जा. त्याच्याजवळ मी आहे." ती उंबऱ्यात थांबली, पर्स हातात, आणि म्हणाली, "आणि जेवण, बाबा?"

मी फ्रिजकडे बोट दाखवलं. म्हटलं, "ठरलेलं आहे ना सगळं."

खरंच ठरलेलं होतं, शैला. हेच त्या कागदाचं मोल. घाबरलेल्या माणसाला काही सुचत नाही, आणि त्या घरात कोणाला काही सुचवायची गरज नव्हती. भाजी आणलेली, मोट भिजलेली, लसूण सोललेला डब्यात. संघपालचे दिवस मी घेतले. त्याच्यासाठी मऊ भात, पातळ वरण, दुधीची भाजी. त्याला भरवताना तो म्हणाला, "बाबा, तुम्ही केलं?" तापानं डोळे लाल, तरी हसला. लहानपणी त्याला कधी भरवल्याचं मला आठवत नाही. ते सगळं तू करायचीस. आता भरवलं.

एका संध्याकाळी मी गोळाभात केला. तुझ्याच पद्धतीनं करायचा ठरवलं. चण्याच्या डाळीचा भरडा मंगळबाजारात मिळाला नाही, मग घरीच डाळ जाडसर दळली. पहिले गोळे भातात फुटले. ते बाजूला काढून आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि अबोलीनं, आधी खाऊन टाकले. दुसऱ्या वेळी तेलाचं मोहन वाढवलं आणि गोळे टिकले. वरून लसणीच्या फोडणीचं गरम तेल.

लुंबिनी उशिरा आली. चेहरा उतरलेला. हात धुतले, संघपालच्या कपाळाला हात लावला, ताट घेऊन बसली आणि जेवली. काही विचारलं नाही. काय केलंय, कोणी केलंय, काही नाही. दुसऱ्यांदा भात घेतला, वर तेल मागितलं. जेवून झाल्यावर म्हणाली, "आईंची आठवण आली."

मी समजलो होतो की चवीमुळे म्हणाली. पण तिनं ताट उचललं आणि म्हणाली, "मी रोज अशी यायचे आणि आई रोज असं ताट द्यायच्या. आज दुसऱ्या कोणी दिलं तेव्हा कळलं."

जसं बोलली तसं लिहिलं आहे. मी काही जोडलेलं नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला येतो आहे. दीक्षाभूमीवर तर दरवर्षी येतोच. उल्काकडे उतरू की लॉजवर, एवढं अबोलीजवळ कळव.

सुखदेव


७ ऑक्टोबर

प्रिय शैला,

जयभीम.

सुखरूप पोचलो. तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहितो. तिथं सगळ्या मुली बघत होत्या.

तू उल्काकडे आहेस हे माहीत होतं. उल्का मेडिकल चौकात मुलींसाठी मेस चालवते हेही माहीत होतं. पण मला वाटलं होतं तू मागच्या खोलीत पलंगावर बसून दिवस काढत असशील. तुझी काळजी करत मी गाडीत नीट झोपलो नाही.

आणि आत येऊन बघतो तर तू खुर्ची टाकून शेगडीसमोर. हातात पळी नाही, काही नाही. दोन बाया काम करताहेत आणि तू नुसती बोलते आहेस. "रसिका, कांदा अजून लाल होऊ दे. घाई नको." "तेल सुटलं का? मग आता मसाला." मुली रांगेत ताटं घेऊन, आणि एक मुलगी तुला म्हणते, "आजी, उद्या काय आहे?" तू मागे न बघता म्हणालीस, "वाच ना, लिहिलंय."

मी भिंतीकडे पाहिलं. सोमवार ते रविवार, सकाळ-संध्याकाळ, तुझ्या अक्षरात. भरीत-भाकर, पाटवडी रस्सा, झुणका, बरबटीची उसळ. मोठ्या पुठ्ठ्यावर, लाल रेघा मारून. लुंबिनीच्या कागदापेक्षा सुरेख.

मी हसलो तेव्हा तू रागावलीस. ते चिडवणं नव्हतं गं. मला तुला उचलून घ्यावंसं वाटलं होतं, आणि खांदा दुखेल म्हणून नाही, मुली होत्या म्हणून थांबलो.

मग अंगणात आपण बोललो. मी म्हणालो, "इथं कागद चालतो. तिथं का चालला नाही?"

तू म्हणालीस, "कागदाचा राग नव्हताच."

"मग माझा? मी तिच्या बाजूनं बोललो म्हणून?"

"तुम्ही कधी कोणाच्या बाजूनं बोललात, याचंच मला नवल वाटलं."

"मग काय, शैला?"

तू पदरानं हात पुसलेस, ओले नव्हते तरी. "माझ्या नावासमोर काय लिहिलं होतं, वाचलंत?"

मी खरंच वाचलं नव्हतं. शनिवार, आई, एवढंच पाहिलं होतं.

"खिचडी," तू म्हणालीस. "शनिवार, आई, खिचडी. माझ्या हातची पाटवडी खायला तुमचं सगळं सेक्शन घरी यायचं. भीमजयंतीला अख्ख्या कॉलनीची खीर मी केली. आणि माझ्या वाट्याला खिचडी. तीही मला न विचारता. आजारी माणसाला देतात ती नव्हे, आजारी माणसाकडून करून घेतात ती."

मी म्हटलं, "अगं, तिनं तुझा हात दुखू नये म्हणून..."

"ते कळतं मला. मूर्ख नाही मी. पण विचारायचं होतं ना? म्हणायचं होतं, आई, तुम्हाला काय करावंसं वाटतं? मी म्हणाले असते, मी खुर्चीवर बसून सांगते, तुम्ही करा. मला हे इथं येऊन सुचलं. तिथं कोणी थांबलं असतं तर तिथंच सुचलं असतं."

मग मी तुला घरी चल म्हणालो. तू म्हणालीस, "तुम्ही वकील होऊन येऊ नका. जिनं लिहिलं तिला लिहू द्या."

शैला, तू बरोबर होतीस आणि मीही बरोबर होतो. कागद बरोबर होता, एक शब्द चुकला होता. आपल्या घरात एवढ्याशा शब्दावरून घर सोडून जाईल आणि दुसरीकडे जाऊन इतक्या पोरींचं पोट सांभाळेल अशी बाई आहे, हे मी सुधाकररावांना जिन्यात थांबवून सांगितलं. त्यांना घाई होती. तरी सगळं सांगितलं.

लुंबिनीलाही सांगितलं. पुढचं ती लिहील.

सुखदेव


१९ ऑक्टोबर

ती. आईंना,

सविनय जयभीम.

आई, मी ऑफिसात दिवसभर लिहिते, पण हे पत्र तीनदा फाडलं. म्हणून सरळ लिहिते.

मी विचारलं नाही, हे चुकलं. तुमचा हात दुखतो हे मी पाहिलं आणि मला वाटलं, पाहिलं म्हणजे सगळं समजलं. कागद लिहिताना मी प्रत्येकाला विचारलं. अबोलीला विचारलं तुला काय जमेल, संघपालला विचारलं, बाबांना तर मी दोनदा विचारलं. तुमच्या नावापुढे मात्र माझी मीच लिहून मोकळी झाले. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "सगळंच मी करते," या भीतीनं. भीती तुमची नव्हती, माझीच होती. मला तुमच्याकडून काम काढून घ्यायचं होतं आणि ते मी तुमचा मान काढून घेतल्यासारखं केलं.

आता दुसरी गोष्ट. ती ऐकायला कदाचित बरी वाटणार नाही, पण खोटं लिहून तुम्हाला बोलावणार नाही.

घर तुमच्याशिवाय चालतं, आई. नीट चालतं. संघपाल आता कढीत आलं किती घालायचं यावर माझ्याशी भांडतो. बाबांच्या गुरुवारची अबोली वाट बघते. मी घरी येते तेव्हा कोणी मला काही विचारत नाही, मी हात धुऊन बसते. अधिवेशनात आमच्या खात्याचं एकही उत्तर अडलं नाही. आमच्या सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. मी घरी येऊन सगळ्यात आधी तुम्हाला फोन लावला होता. तुम्ही घेतला नाहीत. नंतर मी आईला, म्हणजे माझ्या अमरावतीच्या आईला, सांगितलं. पण तिला सांगून तेवढं समाधान झालं नाही. लग्नानंतर मी परीक्षेचा अभ्यास करत होते तेव्हा दाराबाहेर बसून अबोलीला झोपवणाऱ्या तुम्ही होता, ती नव्हती.

तर घर चालतं. तुम्ही येऊन पोळ्या कराव्यात म्हणून बोलावत नाही. काही करू नका. किंवा सगळं करा. खुर्ची टाकून आम्हाला शिकवा, नाहीतर सकाळी बागेत जा आणि दुपारी झोपा. शनिवारच्या पुढे मी तुमचं नाव ठेवलेलं नाही, खोडलेलंही नाही. कागदच नवा केला आहे.

गरज नाही, तरी या. आम्हाला तुम्ही हव्या आहात.

तुमची,
लुंबिनी


नागपूर
२ नोव्हेंबर

चि. लुंबिनीस,

अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझं पत्र उल्कानं सगळ्या मेसमध्ये वाचलं. मी नको म्हणत होते. "गरज नाही, तरी या" इथं आल्यावर तिनं कागद रसिकाच्या हातात दिला आणि पुढचं रसिकानं वाचलं.

पोरी, मला कोणी असं कधी बोलावलं नव्हतं. माहेरून सासरी गेले ते कामाला हात हवा म्हणून. सासरहून दिल्लीला आले तेही ह्यांना डबा लागायचा म्हणून. ज्या घरी गेले तिथं आधी चूल दाखवली. त्याचं वाईट वाटत नाही, माझा हात चांगला होता. पण तुझं ते वाक्य मी रात्री परत वाचलं, आणि सकाळी परत.

सेक्रेटरींनी नाव घेतलं ते मला अबोलीनं त्याच दिवशी सांगितलं होतं. फोन घेतला नाही तो रडू येईल म्हणून. त्या दिवशी मी मेसमध्ये सगळ्यांना शिरा केला. कशाचा म्हणून विचारलं मुलींनी, तेव्हा म्हणाले, माझी सून दिल्लीत डेप्युटी डायरेक्टर आहे, तिचा.

खांदा बराच सुटला आहे. हात डोक्यापर्यंत जातो, वेणी माझी मीच घालते.

आत्ता लगेच येता येणार नाही. मुलींच्या हिवाळी परीक्षा आहेत, अशा वेळी स्वयंपाकी बदलला तर पोरींची पोटं बिघडतात. परीक्षा संपल्या की येते. थंडीभर राहीन. पुढे उन्हाळ्याआधी परत इकडे येईन, उल्काला कबूल केलं आहे. ह्यांना सांग, चालत असेल तर त्यांनीही माझ्याबरोबर यावं. मेसमध्ये माणूस लागेल.

अजून एक. इथल्या मुलींना मी सांगते की आमच्या घरी माझा मुलगा कढी करतो आणि नवरा गोळाभात. त्यांना पटत नाही. म्हणतात, आजी, काहीतरी फेकताय. एकीचं म्हणणं, तिच्या बाबांना गॅस पेटवता येत नाही. म्हणून ठरवलं आहे, येताना तिघींना घेऊन येते. त्यांनी दिल्ली बघितलेली नाही. लाल किल्ला बघतील, मेट्रोत बसतील, आणि आपल्या घरी जेवतील.

मी हात लावणार नाही. खुर्चीवर बसून बघेन.

संघपालला स्टेशनवर पाठव. गाडीत आम्ही काही खाणार नाही, चौघी उपाशी येतो आहोत.

तुझी,
आई